केळीच्या मुलखात आठ दिवस: युगांडा

दिवस पहिला: एंटेबे

आम्ही रावेर तालुक्यातले. घरात तीन पिढ्या केळी. माझे वडील, अण्णा, एकाहत्तर वर्षांचे झाले, पण अजूनही बागेत एक चक्कर मारल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. माझा मावसभाऊ सहा वर्षांपासून कंपालात, युगांडाच्या राजधानीत, नोकरीला आहे. दर दिवाळीला तो फोनवर म्हणायचा, "काका, इथं लोकांचं रोजचं जेवणच केळी आहे. एकदा डोळ्यांनी बघून जा." यंदा कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी, लावून झाली आणि नोव्हेंबरात आम्ही निघालोच. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, व्हिसा ऑनलाइन काढला. मुंबईहून एंटेबेला थेट विमान २०२३ पासून सुरू झालं आहे, त्यामुळे दुबईचा वळसा वाचला.

विमान खाली यायला लागलं तसं खिडकीत नुसतं पाणी. हा व्हिक्टोरिया तलाव. इथले लोक त्याला नालुबाले म्हणतात. त्याचं क्षेत्रफळ ६८,००० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपला अख्खा मराठवाडा त्यात बुडेल. युगांडा, टांझानिया आणि केनिया असे तीन देश तो वाटून घेतात. युगांडाला समुद्र नाही. देशाचं क्षेत्रफळ सुमारे २,४१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून लहान, आणि त्यातलाही जवळपास सहावा हिस्सा पाणी आणि दलदल.

विषुववृत्तावरचा देश म्हणून अण्णांनी उन्हाची तयारी केली होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा इथं त्याहून भाजेल असा त्यांचा हिशेब. विमानतळाबाहेर आलो तर झुळझुळ वारा, अंगावर शाल घ्यावी असा. हा सगळा भाग समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटर उंचावर आहे. पाऊस वर्षातून दोनदा येतो: मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. कंपालाच्या वाटेवर प्रत्येक घरामागे केळीची दहा-वीस खोडं दिसत होती. अण्णा काच खाली करून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नळी दिसत नाही कुठं." ठिबकची नळी. ती नव्हतीच. वरच्या पाण्यावर केळी उभी होती, आणि ते त्यांना रात्रीपर्यंत पटलं नाही.

दिवस दुसरा: कंपाला

कंपाला टेकड्यांचं शहर. एका टेकडीवर रुबागाचं कॅथलिक चर्च, दुसरीवर नामिरेंबेचं अँग्लिकन चर्च, तिसरीवर किबुलीची मशीद. आणखी एका टेकडीवर मकेरेरे विद्यापीठ, १९२२ पासूनचं. खाली दरीत टॅक्सी पार्क. इथं टॅक्सी म्हणजे चौदा माणसांची पांढरी व्हॅन. शेकडो व्हॅन एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि त्यांतून नेमकी आपली कशी सापडते ते वहिनीनं दोनदा समजावलं.

त्याहून जास्त गर्दी बोडाबोडांची. या भाड्यानं माणसं नेणाऱ्या मोटारसायकली. हे नाव आधी केनियाच्या सीमेवरच्या सायकलींना पडलं. या 'बॉर्डर'वरून त्या 'बॉर्डर'वर सोडणारे, ते बोडाबोडा. गाड्या बघितल्या तर बजाजची बॉक्सर, रांगेनं. आपल्याकडे ती आता फारशी दिसत नाही, इथं तिच्यावर लाखो घरं चालतात. कामाच्या शोधात शहरात आलेल्या पोरांना पहिला रोजगार हाच. २०२४ च्या जनगणनेत लोकसंख्या ४ कोटी ५९ लाख भरली आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक अठरा वर्षांच्या आतले. रस्त्यावर उभं राहिलं की हा आकडा डोळ्यांना दिसतो.

दुपारी मेंगो टेकडीवर गेलो. बुगांडा हे इथलं सगळ्यात मोठं पारंपरिक राज्य, देशाचं नावही त्यावरूनच आलं. राजाला कबाका म्हणतात. त्याचा राजवाडा आणि बुलांगे, म्हणजे बुगांडाची संसद, यांच्यामध्ये सरळ रस्ता आहे. मध्ये एक चौक. बाकी सगळ्यांनी चौकाला वळसा घालायचा, सरळ मधून जायचा मान फक्त कबाकाचा, आणि त्यासाठी चौकात फाटक ठेवलंय. रस्त्याच्या कडेला कुळांची चिन्हं उभी आहेत: सिंह, हत्ती, माकड, फुप्फुसमासा, नाकतोडा. बुगांडात पन्नासच्या वर कुळं. ज्याचं जे चिन्ह, ते त्यानं खायचं नाही, आणि एका कुळात लग्न करायचं नाही. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे देवकच की." वाटाड्या मुलाला मी ते इंग्रजीत सांगितलं तर तो इतका खूश झाला की त्यानं अण्णांना त्यांचं देवक विचारून वहीत लिहून घेतलं.

या राजवाड्यावर १९६६ साली हल्ला झाला. स्वातंत्र्य १९६२ च्या ९ ऑक्टोबरला मिळालं होतं. कबाका मुतेसा राष्ट्राध्यक्ष, मिल्टन ओबोटे पंतप्रधान. चार वर्षांत दोघांचं बिनसलं, ओबोटेंनी सैन्य पाठवलं, त्या सैन्याचा प्रमुख इदी अमीन. कबाका परदेशी निसटला आणि १९६९ साली लंडनमध्ये वारला. पुढे अमीननंच सत्ता बळकावली, आणि त्याच्या काळात वाड्याच्या आवारातल्या भुयारी कोठ्यांत माणसं कोंडून मारली गेली. तिथं आम्ही दहा मिनिटांच्या वर थांबलो नाही. भिंतीवर हातांचे ठसे आहेत, एवढंच लिहिते.

ओबोटेंनी बरखास्त केलेली पारंपरिक राज्यं १९९३ साली परत मिळाली, पण मान तेवढा परत आला, सत्ता नाही. १९९५ च्या राज्यघटनेनं पारंपरिक राजांना पक्षाच्या राजकारणापासून लांब ठेवलं आहे. खरी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे. योवेरी मुसेवेनी २६ जानेवारी १९८६ ला बंदुकीच्या बळावर आले आणि आजतागायत आहेत. दोनदाच राष्ट्राध्यक्ष होता येईल ही अट २००५ साली घटनेतून निघाली, पंचाहत्तरीच्या वयाची अट २०१७ साली. संसदेचं सभागृह एकच, सदस्य पाचशेच्या वर, आणि प्रत्येक जिल्ह्यातून एक बाई निवडून द्यायचीच असा नियम. तो नियम मला फार आवडला. पण राजकारणाचं विचारलं की लोक आवाज खाली आणतात हेही बघितलं. मुसेवेनींनी अमीननंतरची कापाकापी थांबवली म्हणून म्हातारी माणसं त्यांना मानतात. तरुणांनी दुसरा राष्ट्राध्यक्ष बघितलेलाच नाही, आणि त्यांची चीड खरी आहे.

संध्याकाळी नाकासेरो बाजार. इथं अण्णा हरखले. केळ्याला इथं 'केळं' असा एक शब्द नाहीच! मातोके ही कच्ची, शिजवून खायची. बोगोया मोठी, पिकवून खायची. न्दीझी बोटाएवढी, आपल्या वेलचीसारखी गोड. गोंजा निखाऱ्यावर भाजायची. आणि पाचवी, म्बिद्दे, फक्त दारू गाळायला. मातोके किलोवर विकतच नाहीत, अख्खा घड उचलून न्यायचा. अण्णांनी एका घडाच्या फण्या मोजल्या, केळ्याची घेरी बोटानं मापली आणि बाजारवाल्या बाईला मराठीतच म्हणाले, "चांगला भरलाय." तिला कळलं असावं, कारण तिनं न्दीझीची एक फणी त्यांच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

दिवस तिसरा: जिंजा

कंपालाहून पूर्वेला ऐंशी किलोमीटर. वाटेत माबिराचं जंगल लागतं. २००७ साली या जंगलाचा एक तुकडा उसासाठी द्यायचा बेत सरकारनं आखला होता. लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली, त्यात एका भारतीय तरुणाचाही जीव गेला, आणि बेत बारगळला. जंगल उभं आहे. वहिनी हे सांगताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

जंगल संपलं की दोन्ही अंगांना ऊस. लुगाझीला मेहतांचा कारखाना १९२४ चा, जिंजाजवळ काकिराला माधवानींचा १९३० चा. दोन्ही घराणी गुजरातेतली. त्याआधी, १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून या तलावापर्यंत रेल्वे टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर आणले होते, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास त्या कामातच मेले. उरलेल्यांतले काही राहिले, त्यांच्या मागून व्यापारी आले. आजही लुगांडात दुकानाला 'दूका' म्हणतात, चपातीला 'चपाती'. रस्त्यावर तव्यावर अंड्याची पोळी टाकून तिच्यावर चपाती गुंडाळून देतात, त्याचं नाव रोलेक्स. चपाती आणि घेवड्याची उसळ म्हणजे किकोमांडो. अण्णांनी किकोमांडो दोनदा मागून घेतला.

जिंजाच्या मुख्य रस्त्यावर जुन्या इमारतींच्या कपाळावर अजून हिंदुस्थानी नावं आणि सालं कोरलेली दिसतात. १९७२ च्या ऑगस्टमध्ये अमीननं जाहीर केलं की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. पन्नास हजारांवर माणसं एकेका पेटीनिशी गेली. दुकानं सैनिकांना वाटली गेली, माल संपला तशी बंद पडली, साखर आणि मीठ मिळेनासं झालं. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी एका बाजूनं सांगितली जाते. इथं एका निवृत्त शिक्षकांनी मला दुसरी बाजू सांगितली: इंग्रजांच्या राज्यात कापसाचे जिन आणि घाऊक व्यापार आशियाई लोकांच्या हातात, आफ्रिकी माणसानं पिकवायचं आणि मिळेल त्या भावाला घालायचं. माणसं हाकलणं अन्यायच होता, पण त्याआधीचा राग हवेतून आला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. पिकवणाऱ्याच्याच घरातली मी, भाव दुसऱ्यानं ठरवायचा म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मग नाईल. तलावातून नदी बाहेर पडते तिथं उंच कोसळणारा धबधबा असेल असं मनात होतं. तसं काही नाही. नाईलचा उगम शोधत निघालेला इंग्रज प्रवासी जॉन स्पीक १८६२ साली इथं आला तेव्हा रिपन धबधबा होता, १९५४ च्या ओवेन धरणानं तो पाण्याखाली गेला. आता फक्त पाणी एका जागी आतून उकळल्यासारखं दिसतं आणि होडी तिथं हलायला लागते. तिथून हे पाणी हजारो किलोमीटर चालत भूमध्य समुद्राला मिळतं. काठावर गांधीजींचा अर्धपुतळा आहे, कारण त्यांच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली इथं सोडला होता. अण्णांनी चपला काढल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि तापीला करतात तसा नमस्कार केला.

दिवस चौथा

दिवसभर पाऊस. घरीच होतो. वहिनीनं मातोकेची भाजी आपल्या पद्धतीनं, मोहरी-हिंगाची फोडणी देऊन केली. अण्णा म्हणाले, "हे आपलं झालं. त्यांचं कसं असतं ते खायचंय."

दिवस पाचवा: मसाका

भावाच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याचं गाव मसाकाकडे आहे. त्यानं आईला आधी फोन करून ठेवला होता. पहाटे निघालो. वाटेत कायाब्वेला विषुववृत्ताची पांढरी कडी लागते, एक पाय उत्तरेला आणि एक दक्षिणेला ठेवून फोटो काढतात. परातीतलं पाणी रेषेच्या अलीकडे-पलीकडे उलटसुलट फिरवून दाखवणारी मुलं आहेत. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वादळांवर होतो, परातीवर नाही, हे मी शाळेत शिकवते. तरी मुलांना पैसे दिले.

मसाकानंतर डांबरी सोडून लाल रस्ता. इथं त्याला 'मरम' म्हणतात. आपलाच मुरूम. गावात शिरल्यावर आधी एलसी-वनच्या अध्यक्षांकडे. दर गावाची अशी एक स्थानिक समिती असते, आणि ओळखीच्या चिठ्ठीपासून भावकीच्या भांडणापर्यंत सगळं पहिल्यांदा तिच्यापुढे येतं. अध्यक्षांनी वहीत आमची नावं लिहून घेतली, शिक्का मारला आणि स्वतःच वाट दाखवायला निघाले.

आई दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या. सगळे त्यांना जाजा म्हणतात, जाजा म्हणजे आजी. त्यांनी गुडघे टेकून नमस्कार केला. अण्णा गडबडले, त्यांनीही वाकून हात जोडले. मग त्या अण्णांकडे बघून म्हणाल्या, "जेबाले को, सेबो." मुलानं अर्थ सांगितला: तुम्ही जे काम करत आलात त्याबद्दल शाबास. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही इथं असंच म्हणतात. अण्णांचा चेहरा मी बघत होते. चाळीस वर्षं बाग केली, भाव पडला तेव्हा आणि वादळानं आडवी झाली तेव्हाही केली. असं त्यांना कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

घरामागे बाग. तिला लुसुकू म्हणतात आणि ती घरच्या बाईची मानली जाते. दोन एकर असेल. ओळी नाहीत. एका बेटात तीन पिढ्यांची खोडं: घड असलेलं, अर्धं वाढलेलं, आणि पायाशी मुनवा, म्हणजे बुंध्यातून फुटलेलं पिल्लू. आजी, आई, नात असं जाजांनी तिन्हींवर हात ठेवून सांगितलं. ही बाग त्यांच्या सासूनं लावलेली. आमच्याकडे दोन-तीन पिकं घेतली की बाग मोडतो, नवी टिश्यूकल्चर रोपं आणतो. इथं तेच बेट पन्नास वर्षं देत आलंय. जमिनीवर पानांचा ढोपरभर थर, पाय टाकला की दबतो, खाली माती ओली. अण्णांनी बसून थर बाजूला केला आणि मूठभर माती नाकाशी नेली. नळी का लागत नाही ते त्यांना तिथं कळलं.

केळीच्या सावलीत कॉफी. रोबुस्टा ही याच मुलखातली मूळची. केळी घरात शिजते, कॉफी विकली जाते. शाळेची फी, पत्रे आणि दवाखाना सगळं कॉफीवर. वाळलेल्या फळाला किबोको म्हणतात, ते अंगणात ताडपत्रीवर पसरलेलं होतं. देशाची कॉफीची निर्यात आता वर्षाला अब्ज डॉलरच्या वर गेली आहे, आणि ती मोठ्या मळ्यांतून फार थोडी, अशा अंगणांतूनच जास्त येते. भाव पडला तर? अण्णांनी हेच विचारलं. जाजा म्हणाल्या, "भाव पडला तर पोरं नवे कपडे घेत नाहीत. जेवतात."

मी ते वाक्य तिथंच लिहून घेतलं. आमच्या गावात सकाळी बऱ्हाणपूर-रावेरचा भाव फोनवर येतो आणि त्यावर घराचा दिवस ठरतो. केळी आमच्या शेतात असते, ताटात फारशी नसते. आम्ही अन्न पिकवतो की माल, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

"सातबारा कुणाच्या नावावर?" हा अण्णांचा पुढचा प्रश्न. उत्तर लांबलं. १९०० च्या करारानं इंग्रजांनी बुगांडाची जमीन कबाका आणि हजारेक सरदारांना चौरस मैलांनी वाटली, म्हणून तिचं नाव 'माइलो'. कसणारे कुळ झाले. त्यांच्या तुकड्याला किबांजा म्हणतात, वर्षाला बुसुलू म्हणून थोडा खंड द्यायचा. १९९८ च्या कायद्यानं त्यांना सहजी काढता येत नाही, पण मालक बदलला, जमीन शहरातल्या कुणी घेतली, की धाकधूक सुरू होते. जाजांनी बागेच्या कडेची थडगी दाखवली. सासरे, नवरा, एक मुलगा. "आमचा कागद हा," त्या म्हणाल्या. अण्णांनी आपल्या वडिलांची कूळकायद्यातली सगळी हकिकत सांगितली, सहकाऱ्यानं ती लुगांडात केली, आणि अध्यक्षसाहेब मान डोलवत ऐकत राहिले.

मग स्वयंपाक. कच्ची केळी सुरीनं सोलून केळीच्याच पानांत गाठोडं बांधायचं, दोरी केळीच्या सोपाची. भांड्याच्या तळाला पानांचे दांडे, त्यावर थोडं पाणी आणि वर गाठोडं. तासाभरानं हातावर पान घेऊन ते गरम गाठोडं बाहेरूनच दाबायचं, मऊ करायचं, परत वाफेवर ठेवायचं. उघडलं तेव्हा हिरवी केळी हळदीसारखी पिवळी झाली होती. वर शेंगदाण्याची गुलाबी आमटी आणि दोदो, म्हणजे माठाची भाजी. चव बटाट्याच्या आणि रताळ्याच्या मधली, किंचित आंबूस. अण्णा तीनदा वाढून घेऊन जेवले. जेवताना जाजांनी सांगितलं की पहिला माणूस किंटू, त्याची बायको नांबी आकाशातून उतरताना सोबत केळी घेऊन आली. कोंबडीचे दाणे विसरले म्हणून ती मागे फिरली, आणि तिच्यामागून तिचा भाऊ, मृत्यू, खाली आला.

दिवस सहावा: म्बरारा

पश्चिमेला मुलूख बदलतो. गवताळ टेकड्या, आणि आंकोले गाई. शिंगं माणसाच्या हाताएवढी जाड आणि आभाळाकडे वाढलेली, रंग तांबूस. दूध लाकडी भांड्यात काढतात. तुपाचं एशाब्वे नावाचं पांढरं कालवण मीठ घालून घुसळतात, ते केळीवर घ्यायचं.

याच भागात नाकिवाले ही निर्वासितांची जुनी वसाहत आहे, १९५८ पासूनची. आम्ही रस्त्यावरूनच गेलो. युगांडात सतरा लाखांच्या वर निर्वासित आहेत, काँगो, दक्षिण सुदान, सोमालिया, बुरुंडी इथले. त्यांना कुंपणात ठेवत नाहीत. काम करायची मुभा, आणि जमिनीचा तुकडा, जो आता लहान होत चालला आहे. स्वतःकडे फार नसताना हे करणारा देश, ही मला या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

दिवस सातवा

परतीच्या वाटेवर भाड्याच्या गाडीचा टायर फुटला, आणि जादा टायर दिलाच नव्हता. दोन तास रस्त्यावर. एका बोडावाल्यानं टायर पाठीला बांधून गावातून दुरुस्त करून आणला. पैसे त्यानं फोनवरच घेतले, इथं भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. तेवढ्या वेळात सायकलींवरून मातोकेचे घड जाताना मी मोजले. एका सायकलीला चार-पाच घड. सायकलवाला बसत नाही, शेजारून ढकलत चालतो.

दिवस आठवा: परत

निघताना जाजांच्या मुलानं घरी येऊन एक गाठोडं दिलं. आत मातोकेचा मुनवा, मुळावर ओली माती, पानात बांधलेला. आईनं अण्णांसाठी धाडला होता.

अण्णांनी तो दोन्ही हातांत घेतला. बागेत जाजांनी त्यांना टोकाला दोन फाटे असलेली काठी दाखवली होती. केळफूल इथं सुरीनं कापत नाहीत, त्या काठीनं मोडतात. २००१ पासून इथं किवोतोका नावाचा मर रोग आला, तो सुरीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो, आणि कितीतरी बागा त्यात गेल्या. आमच्याकडे सीएमव्ही या विषाणूनं कोवळी रोपं उपटून फेकावी लागली होती, तेव्हाचे अण्णा मला आठवतात.

"आईंना सांगा, घेतला," ते म्हणाले. "पण नेत नाही. माझ्या गावात हजारो एकर केळी आहे." मुलाला ते लगेच समजलं. मुनवा भावाच्या अंगणात, आंब्याच्या बाजूला लावला.

मग अण्णांनी बादली मागितली. मसाकाचा मुरूम बुटांच्या तळव्यांत अजून होता. जुन्या ब्रशनं खाचाखाचांतून तो घासून काढला, पाणी तांबडं झालं, ओतलं, दुसरी बादली घेतली. माझेही बूट मागून घेतले. पाणी स्वच्छ निघेपर्यंत त्यांनी चार बादल्या घेतल्या, आणि विमानतळाची गाडी दारात थांबून होती.